आभाळातल्या डोळ्याला मिठाचं पत्र

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, दिल्लीच्या सरकारला दिसावं म्हणून, मी सासऱ्यांच्या भातशेतात मीठ ओतलं. चिमूटभर नाही, टोपल्याच्या टोपल्या. वर अक्षर वळणदार यावं म्हणून पायाने सारखंही केलं. हसा खुशाल, मीसुद्धा हसते त्या पोरीला.

माझं माहेर रोह्याला लागून, वरसे गावचं. आम्ही भात आणि वाल पिकवणारे; मिठाशी संबंध ताटाच्या कोपऱ्यापुरता. दिली पेणच्या खाडीकाठी. तिथं बांधाच्या पलीकडे खाडी नि मिठागरं, अलीकडे आमची खाचरं. चैत्रातल्या दुपारी मिठागरं अशी चकाकत की आभाळच खाली येऊन आडवं झालंय असं वाटे. मी हातातलं काम सोडून बघत राही. सासू म्हणे, "ही वरशाची पोर डोले उघडं ठेवून झोपते गो!"

त्या वर्षी खेकड्यांनी पोखरून पोखरून बांधाला खांड पडली होती. साध्या भरतीचं पाणी तिथवर चढत नसे. पण आषाढातल्या उधाणाआधी ती बुजली नाही, तर खारं पाणी सरळ खाचरांत. एकदा शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. साहेब आले, खांड बघितली, सध्या निधी नाही म्हणाले आणि गेले. गाव वाट बघत बसलं.

सासऱ्यांना वाचता येत नसे. वडखळला गेले की पेपर आणत आणि सातवी शिकलेल्या सुनेकडून ओटीवर वाचून घेत. दिल्लीत तेव्हा मोठा वाद चालला होता. लष्करासाठी उपग्रह हवा, सीमेपलीकडची गाडीसुद्धा वरून दिसली पाहिजे, असं एका बाजूचं म्हणणं. गावात प्यायला पाणी नाही आणि आभाळात कसले पैसे उडवता, असं दुसऱ्या बाजूचं. आमच्या ओटीवर तोच वाद, फक्त आवाज जास्त.

"देस राखायचा तं खर्च करायाच पायजे," सासरे म्हणत.

"न आमचा बांध? त्यो काय परदेसात हाय?" सासू चुलीपासून विचारी.

"तुला काय कलतं त्यातलं?"

"मना खारं पानी कलतं!"

मला दोघांचंही पटे. पेपर मांडीवर तसाच राही आणि मी वर बघत बसे. एवढ्या उंचावरून गाडी दिसते, तर खांड का नाही दिसणार? माझ्या मनात उपग्रहाचा तो डोळा कधीच वर जाऊन बसला होता. खरं तर तो पाठवावा की नाही यावरच भांडण चाललं होतं, आणि ते मीच रोज खड्या आवाजात वाचत होते!

एका दुपारी सगळं गाव सावलीला पडलं होतं. मिठागरातल्या राशीच्या कडेचं मीठ टोपलीत भरत गेले आणि बांधाखालच्या आमच्या खाचरात लिहिलं, 'इथे खांड आहे'. पुढे लांबलचक बाण. काळ्या मातीवर अक्षरं इतकी देखणी दिसत होती की मला भरून आलं. मग वर पाहून पदर नीट केला. सरकार बघणार, तर सून गबाळी दिसायला नको.

संध्याकाळी सासू आली. झाडू आणि करवंटी घेऊन खाली बसली आणि पहिल्या अक्षरापासून मीठ खरवडायला लागली. मी समोर बसून दुसऱ्या टोकापासून खरवडू लागले. बाणापाशी आमची गाठ पडली, तरी ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव ते बघायला आलं. मातीवर पांढुरकी अक्षरं उरलीच होती. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाणाच्या टोकाला खांड होती, तिथे जाऊन सगळे पुन्हा हसले. मग शेजारची म्हातारी म्हणाली, "सरकारला दिसंल तवा दिसंल. आमाला तं दिसली ना? मंग उबं काय ऱ्हायलाव?" कुणी फावडं आणायला गेलं, कुणी घमेली. पुढचे आठ दिवस बायका-पुरुषांनी ओळीने उभं राहून चिखलाच्या ढेपा हातोहात दिल्या आणि खांड बुजवली. मी ओळीत सासूच्या शेजारी होते. ढेप द्यायची, शब्द नाही.

आषाढातलं उधाण भर दुपारी आलं. आम्ही दोघी पावसात बांधावर उभ्या. करडं पाणी फुगत फुगत वर आलं, नव्या मातीला चाटलं, थोडा वेळ तिथंच डुलत राहिलं, आणि उतरायला लागलं. आमची खाचरं वाचली. सासूने इरल्याआडून माझ्याकडे बघितलं आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं:

"तीन पिढ्या आमी या दर्याला बांधाभायेर ठेवला गो. न तू त्याला टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन घरात आनलास!"