बंपरला बांधलेला दोर

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचं स्टोअर मी गेली सोळा वर्षं सांभाळते आहे. स्टोअरच्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते - वस्तू स्वतःहून जागा बदलत नाही. बेअरिंगचा खोका तिसऱ्या फळीवरून पहिल्या फळीवर आला, तर तो कोणीतरी आणला. त्या कोणाला तरी शोधायचं, एवढंच काम. या सदरातले वाचकांचे न उलगडलेले अनुभव डब्याच्या सुट्टीत आम्ही बायका मोठ्याने वाचतो आणि दर वेळी मी म्हणते, "यांनी नीट चौकशी केली नसेल." म्हणून आधीच सांगते, मी नीट चौकशी केली होती.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालातली. आम्ही तेव्हा ठाणे पूर्वेला, कोपरीत राहत होतो. तीन मजली सोसायटी, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरी. मी, नवरा सुधीर आणि पहिलीतली मुलगी मृणाल. बिल्डिंगमध्ये तीन स्कूटर होत्या, गाडी एकही नव्हती. गाडी घ्यायची हे मी ठरवलं. सुधीरच्या स्कूटरवर पुढे उभी मृणाल, मागे मी, मधे पिशव्या... हे किती वर्षं चालवायचं? नव्या गाडीला नंबर लावून वाट बघत बसण्यात मला रस नव्हता. चेंदणीच्या कोळीवाड्यात दहा वर्षं वापरलेली एक राखाडी गाडी विकायची आहे असं कळलं, तेव्हा मेकॅनिकला घेऊन मी गेले. सुधीरला नेलं नाही. त्याला प्रत्येक गाडी आवडते.

मालक हिराजी नाखवा, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना नाखवाकाका म्हणत. पूर्वी खाडीत त्यांची होडी होती. मुलाने हौसेने गाडी घेतली आणि तो आखातात नोकरीला निघून गेला. गाडी राहिली यांच्याकडे. गाडी घरासमोरच उभी होती आणि मागच्या बंपरखालच्या कडीला दोर बांधून त्याचं दुसरं टोक नारळाच्या झाडाला बांधलेलं होतं. मी बघत राहिले तशी शेजारच्या ओट्यावर मासळी साफ करणारी बाई म्हणाली, "नाखव्याची गाडी भरतीला व्हावून जाल ना, म्हनून बांदलीय." ओट्यावरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. काका हसले नाहीत.

आत बसून कागद पाहिले. भिंतीवर हार घातलेला एका बाईचा फोटो होता. व्यवहार ठरला, सह्या झाल्या. किल्ली देताना काकांनी दोराचं वेटोळंही माझ्या हातात ठेवलं.

"ह्यो पन घे गो बाय. गाडी बांदून ठेव."

"काका, गाडीला हँडब्रेक असतो."

"असूं दे. तरी ठेव."

चांगला जाड नायलॉनचा दोर होता. गाडी ओढायची वेळ आली तर कामाला येईल म्हणून मी तो डिकीत टाकला.

आता गाडी लावायची जागा सांगते, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. सोसायटीच्या मागच्या बाजूला उतार होता. उताराच्या वरच्या टोकाला बदामाचं झाड, खालच्या टोकाला कंपाउंडची पडलेली भिंत आणि भिंतीपलीकडे खाडीकडे जाणारा नाला, चांगला पुरुषभर खोल. भिंत बांधायचा ठराव दर मीटिंगला व्हायचा. गाडीची बॅटरी म्हातारी झाली होती. नवी घेणं माझ्या यादीत होतं, पण बरंच खाली. त्यावर माझा उपाय म्हणजे गाडी बदामाखाली, तोंड उताराकडे करून लावायची. सकाळी चालू झाली नाही तर थोडी गडगडू द्यायची आणि दुसरा गिअर टाकून चालू करायची. हँडब्रेक ढिला होता, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन विटा. विटांवर माझा पूर्ण विश्वास होता.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी खाली उतरले, तर गाडी बदामाला बांधलेली. तोच दोर.

मी सुधीरला विचारलं. तो म्हणाला, "अगं, मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. मी गाडी बांधणार?" हे खरं होतं. डिकीची किल्ली एकच आणि ती माझ्या पर्समध्ये. म्हणजे मीच डिकी उघडी ठेवली असणार आणि कोणीतरी गंमत केली असणार. दोर सोडला, डिकीत टाकला, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा बांधलेली.

एव्हाना बिल्डिंगला विषय मिळाला होता. सेक्रेटरी दामले जिन्यात भेटले की, "वहिनी, गाडी घेतलीत की म्हैस?"

"दूध द्यायला लागली की पहिला लिटर तुमचा," मी म्हटलं.

तळमजल्यावरच्या साठेकाकूंची खिडकी थेट गाडीवर उघडायची. त्या पहाटे पाणी भरायला उठत. त्यांना विचारलं. "पाणी भरताना पाहिलं तेव्हा दोर नव्हता बाई. दूध घेऊन आले तेव्हा होता. मधे कोणी आलं नाही, मी खिडकीतच होते." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "चाकाखाली लिंबू ठेव." दोन लिंबंही दिली. मी त्यांचं सरबत केलं.

तिसऱ्या खेपेनंतर मात्र मी स्टोअरची पद्धत वापरली. सीलबंद मालाला आम्ही लावतो तशी कागदी पट्टी डिकीच्या फटीवर चिकटवली आणि अर्धी सही दारावर, अर्धी पट्टीवर येईल अशी सही केली. कोणीही डिकी उघडली तरी पट्टी फाटणार. रोज जाता-येता बघत होते. पंधराव्या दिवशी सकाळी गाडी बांधलेली होती. पट्टी जशीच्या तशी. सही जुळत होती. मी पट्टी काढून डिकी उघडली. आत जॅक, पाना, फडकं. दोर नाही, कारण तो बाहेर बंपरला होता.

त्या वेळी मला भीती वाटली का? नाही. राग आला. कोणीतरी माझ्यापेक्षा हुशार आहे, याचा राग. दोर सोडून मी सरळ वर नेला आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधून टाकला. जुनी सुतळी तुटायला आलीच होती. चांगली वस्तू वाया कशाला घालवा? आणि आता बांध म्हणावं गाडी.

त्यानंतरचा आठवा दिवस. रविवार. नऊ वाजता मी त्या दोरावर कपडे घातले. सुधीरचे दोन शर्ट, मृणालचे फ्रॉक, माझ्या साड्या, टॉवेल. मग बादली घेऊन गाडी धुवायला उतरले. मृणाल बरोबर होती. चाकं नीट धुवायची म्हणून मी विटा काढल्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, हँडब्रेक ओढलेला होता, तेवढ्यावर ती उभी राहिली. पाणी संपलं. बादली भरायला मी साठेकाकूंकडे गेले. गाडीचं दार उघडं, विटा बाजूला आणि सहा वर्षांची मुलगी तिथे. ही माझी चूक. इतक्या वर्षांत मी ती कोणावर ढकललेली नाही.

बादली घेऊन बाहेर आले तर मृणाल स्टिअरिंगमागे बसली होती. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, हाताशी. तिने तो न्यूट्रलला ओढला आणि हँडब्रेकही सोडला. रोज माझं बघत होती. गाडी हलली. आधी सावकाश, चालत्या माणसाएवढी. मग जास्त. मी बादली टाकून धावले, पण माझ्यात आणि गाडीत पंधरा-वीस पावलं होती, आणि गाडी आणि नाल्यात त्याहून कमी. मला कळत होतं की मी पोचणार नाही.

गाडी एकदम थांबली. असा हिसका बसला की मागचा भाग किंचित उचलला गेला. पुढची चाकं पडक्या भिंतीच्या विटांना टेकली होती.

मी आधी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, मुलीला बाहेर काढलं, चाकांपुढे हाताला लागले ते दगड लावले. मृणालला खरचटलंही नव्हतं. ती जरा नाराज दिसत होती.

"आई, मी चालवली. थांबवली कोणी?"

तेव्हा मी मागे वळून पाहिलं. बदामापासून बंपरपर्यंत दोर ताणलेला होता, तारेसारखा.

मी विटा काढल्या तेव्हा दोर नव्हता. मागचा बंपर मी माझ्या हाताने पुसला होता. आणि त्या वेळी दोर वर गॅलरीत होता, त्यावर माझे ओले कपडे होते. मी मान वर करून पाहिलं. गॅलरीत दोर नव्हता. कपडा एकही खाली पडला नव्हता. सगळे गॅलरीच्या कठड्यावर ओळीने टाकलेले, फ्रॉकसुद्धा झटकून सरळ केलेले.

मी वर धावले. दाराला आतून कडी होती, सुधीर अंघोळ अर्धवट टाकून उघडायला आला. घरात कोणी आलं नव्हतं, येणं शक्यही नव्हतं. त्याला सगळं सांगितलं तर तो स्टुलावर बसूनच राहिला.

संध्याकाळी मी बंपरजवळची गाठ न सोडता दोन्ही बाजूंनी दोर कापला, गाठ पिशवीत घातली आणि कोळीवाड्यात गेले. नाखवाकाका जाळं विणत बसले होते. मी गाठ त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"काका, तुमचं कोणी माणूस आमच्याकडे येऊन गाडी बांधतं का? खरं सांगा, मी भांडायला आलेली नाही."

त्यांनी गाठ उचलली, फिरवून फिरवून पाहिली.

"ही माजी गाठ नाय."

"मग कोणाची?"

"डावऱ्या हाताची हाय. बग, दोर उलटा फिरलाय." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "हिची."

मीही फोटोकडे पाहिलं. तेच म्हणाले, "लोक हसायची, नाखवा गाडी बांदतो. मी एकदा पन नाय बांदली. आदी ती बांदायची. ती गेली, तरी बांदलेली असायची. मी सोडायचो, परत बांदलेली. मग सोडायचं पन सोडलं मी."

मी गाडी बांधलेली सापडली ते दिवस सांगितले. ते माझ्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिलेले होते. काका मान हलवत होते. पुनव, आवस, पुनव, आवस. "उधानाचे दिवस. मोठी भरती. तवा होडी घट्ट बांदतात."

"पण आज कुठे उधाण होतं? आज तर अष्टमी."

काकांनी गाठ खाली ठेवली. बोटाने तिची टोकं सरळ केली.

"आमची एक पोर होती. पाच वर्साची. होडीत खेलत बसायची. होडी मी बांदलेली. अष्टमीचा भांग, म्हंजे लहान भरती, पानी कुठं चढतंय, म्हनून सैल बांदली." त्यांनी मांडीवरचं जाळं बाजूला सारलं. "होडी तिसऱ्या दिवशी गावली. नुसती होडी. तवापासून काय बांदायचं असलं की तीच बांदायची. माज्या हाताला शिवू द्यायची नाय."

मी काकांना मृणालबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. तेव्हा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोटोकडे न बघता म्हणाले, "बरं झालं." मग पुन्हा जाळं हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आली, हँडब्रेकची केबल बदलली, आणि दामल्यांच्या दारात उभं राहून मी आठ दिवसांत भिंत बांधून घेतली. नवा दोर आणला आणि रोज संध्याकाळी गाडी बांधायला लागले. बिल्डिंग हसली, हसू दिलं. त्यानंतर गाडी आपोआप बांधलेली एकदाही सापडली नाही. म्हणजे दुसऱ्या कोणाला ते काम करायची गरज उरली नाही, असं मी म्हणेन. हे स्पष्टीकरण नाही, हे मलाही कळतं. पट्टी न फाटता दोर डिकीतून बाहेर कसा आला, कडी लावलेल्या घरातून खाली कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. माझ्या स्टोअरच्या हिशोबात ही एकच वस्तू अशी आहे, जी कोणी हलवली ते मी लिहू शकते पण सही कोणाची घेऊ, ते सांगू शकत नाही.

नाखवाकाका नंतर चार वर्षांनी गेले. ती गाठ अजून माझ्या कपाटात आहे. मी तशी मारायचा पुष्कळ प्रयत्न केला. उजव्या हाताने जमत नाही.

गेल्या वर्षी आम्ही डोंबिवलीला राहायला आलो आणि ती गाडी विकली. घेणारा शहाडचा, तिशीचा, घाईत होता. किल्लीबरोबर मी दोराचं वेटोळं त्याच्या हातात दिलं आणि गाडी बांधून ठेवायला सांगितलं.

"बाई, गाडी आहे की होडी?" म्हणाला, आणि मोठ्याने हसला.

"हसा," मी म्हटलं. "मीही हसले होते. घरात लहान मूल आहे का तुमच्या?"

तो म्हणाला, आहे, मुलगी. त्याने दोर डिकीत टाकला नाही. शेजारच्या सीटवर ठेवला आणि मग गाडी चालू केली.