सुशीलामावशींचे पाहुणे

सुशीलामावशींना हळू बोलता येत नसे. सारी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून झालेली. इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. त्यांनी स्वयंपाकघरातून आम्हाला "भाकरी वाढू का?" असं विचारलं, की शेजारच्या घरातून हसण्याचा आवाज येई. घराबाहेर पडताना त्या म्हणत, "डबल मारा!" दोनदा घंटी वाजली की गाडी निघते, तसं.

मी आणि माझा नवरा अभय पुण्याहून मोटारीनं थेट पुरीपर्यंत निघालो होतो. वाटेत ओळखीच्यांकडे उतरायचं आणि ते दाखवतील ते बघायचं, एवढाच बेत. मावशी म्हणजे अभयच्या मित्राची, मिलिंदची आई. नवऱ्याच्या मागे जिंतूरला एकट्याच राहत. चहापुरतं थांबू, असं आम्ही देवगाव फाट्यावरून फोनवर सांगितलं.

"चहाला रस्त्यानं हॉटेलं कमी हाईत का?" मावशी म्हणाल्या. "यायचं तर मुक्कामाला या. न्हाईतर तसंच जावा पुढं."

आम्ही मुक्कामाला गेलो. दारातच "जय भीम" म्हणून त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि जेवता जेवता उद्याचा सगळा दिवस वाटून टाकला. आधी चारठाण्याची जुनी देवळं, मग डोंगर, शेवटी येलदरीचं धरण. "लोक म्हणतात, परभणीत बघायला काय हाय? तुमी बघा. मग सांगा लोकायला."

दुसऱ्या दिवशी देवळं बघून आम्ही डोंगराशी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. गाडी पायथ्याला लावली. नऊवारी नव्हे, साधीच साडी, पण मावशींनी ती वर खोचली, पायात कापडी बूट घातले आणि जेवायला बसायची चादर खांद्यावर टाकून त्या पुढे झाल्या. "दम लागला तर सांगायचं. लाजून मरायचं न्हाई," असं दर वळणावर बजावत होत्या.

माथ्याजवळ एक कपार होती. अभय फोटो काढायला तिच्याकडे गेला. खाली कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं होतं, त्याचा धूर वाऱ्यानं वर चढत होता. मावशी एकदम थांबल्या. "अभय, मागं या." त्यांचा आवाज त्या एकदाच मी हळू ऐकला. "हात हलवू न्हका. मागं या."

तो वळेपर्यंत कपारीतून काळा लोंढा सुटला. आग्या मोहोळ होतं. मावशींनी खांद्यावरची चादर माझ्या अंगावर फेकली आणि ओरडल्या, "तोंड झाक अन् उतार धर!" मी चादरीच्या फटीतून पाहिलं, तर त्या खाली न येता वर चालल्या होत्या. अभयपाशी पोचून त्यांनी पदर सोडून त्याच्या डोक्यावर घातला आणि त्याला कवेत धरून ओढत आणलं. त्यांचं स्वतःचं डोकं उघडं होतं.

पायथ्याशी आलो तेव्हा माशा मागे राहिल्या होत्या, पण अभयच्या सर्वांगावर गांधी उठल्या होत्या. ओठ सुजले, आवाज बसला. "श्वास..." एवढंच म्हणाला. गाडीची किल्ली त्याच्या बॅगेत, आणि बॅग वर कपारीशी पडलेली. मिलिंदला फोन लावावा, अँब्युलन्स बोलवावी, काय करावं, मला सुचेना. माझी बोटं फोनवर नुसती फिरत होती.

मावशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. जिंतूरकडे जाणारी एस.टी. हॉर्न वाजवत आली, तरी त्या हलल्या नाहीत. गाडी थांबली. अभयला दोघातिघांनी उचलून आत घेतलं.

"सरळ दवाखान्याच्या दारात लावा," मावशी ड्रायव्हरला म्हणाल्या.

कंडक्टर गोंधळला. "मावशी, मधी दोन थांबे हाईत. मला वर जाब द्यावा लागंल."

"तर माझं नाव सांगा. मी इथल्याच डेपोची हाय." मग त्या प्रवाशांकडे वळल्या. "ज्याला मधी उतरायचं त्याला मी हात जोडते. हे माझ्या घरचे पाव्हणे हाईत."

मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "चला की आता. बघत काय बसलाव?" मावशींनी दोरी दोनदा ओढली.

त्या वाटेवर अभयचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी त्याचा हात धरला होता. मावशी त्याच्यासमोर उकिडव्या बसून, "माझ्याकडं बघा. डोळे झाकू न्हका. आलं जिंतूर," असं सारखं म्हणत होत्या. त्यांचा एक डोळा सुजून मिटला होता. मानेत काटे तसेच रुतलेले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी अभयला लगेच इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. तासाभरानं शिट्टी थांबली. तो बोलायला लागल्याचं ऐकल्यावर मावशी भिंतीला टेकल्या आणि तशाच खाली घसरल्या. मग त्यांनाही सलाईन लावून बायकांच्या वॉर्डात ठेवलं.

खरी पंचाईत त्यानंतरच झाली. मावशी अभयला भेटायला तयार होईनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला एवढंच म्हणाल्या, "माझ्यापायी पाव्हण्याच्या जिवावर बेतलं. कोणत्या तोंडानं बघू त्याच्याकडं? तुमी बरं वाटलं की जावा." मिलिंद पुण्याहून आला, डोंगरावरची बॅग आणली, त्यानंही समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही असेच निघून गेलो, तर ही बाई पुन्हा कुणाला दारात बोलावणार नाही, असं मला वाटत राहिलं.

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी अभय उठून त्यांच्या खाटेपाशी गेला. म्हणाला, "मावशी, येलदरी बघायची राहिली."

त्या पदरानं तोंड झाकून रडल्या. रडणंही मोठ्यानंच, सगळा वॉर्ड उठून बसला.

मागच्या वर्षी मावशी गेल्या, झोपेतच. त्या प्रवासात आम्ही पुढे पुरीला पोचलो होतो, समुद्र पाहिला होता. त्यातलं आता फारसं आठवत नाही. आठवते ती येलदरीची संध्याकाळ. मिलिंद आणि मी मागून चालत होतो. मावशी अभयला काही दाखवत नव्हत्या, बोलतही नव्हत्या. जत्रेत पोराचं धरावं तसं त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. एवढा चाळिशीचा माणूस, पण पाणी बघून परत गाडीशी येईपर्यंत त्यानं ते सोडवून घेतलं नाही.