सुपरहिरोइनींच्या बाह्या

सदाशिव पेठेत काकांची कॉमिक्स भाड्याने द्यायची लायब्ररी आहे. मी तिथे फाटकी पानं चिकटवते, पुस्तकांना कव्हरं घालते. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेवढं कव्हरावरची नावं वाचायला पुरतं. अशा जागी धूळ आणि किस्से आपोआप साठतात. धूळ निदान झटकता येते.

*

एक रिटायर्ड सर नातवाचं पुस्तक परत घेऊन आले. कव्हरवर जग वाचवणारी बाई, अंगावर रुमालाएवढं कापड.

"अहो, हिला थंडी नाही का वाजत?"

त्या दिवशी काकांनी माझ्या हातात काळं स्केचपेन दिलं. पुस्तक बाहेर मांडायच्या आधी बाईला मनगटापर्यंत बाह्या काढायच्या, पाय घोट्यापर्यंत रंगवायचे. पुरुषांना हात लावायचा नाही. ते कितीही घट्ट कपड्यात उडोत!

*

मग बाह्यावाल्या बायाच जास्त भाड्याने जायला लागल्या. मुलं पान उजेडाला धरून खालचं काही दिसतंय का बघायची. एका कॉलेजच्या मुलानं हळूच विचारलं, बिनबाह्यांची कॉपी आहे का?

"आहे की," काका म्हणाले. "आईंना घेऊन या, लगेच देतो."

तो पुन्हा आला नाही.

*

चित्रकला शिकणारी एक मुलगी मात्र माझ्याशीच भांडली. म्हणाली, झाकून काय होणार? काढणाऱ्यानं हिची छातीही समोर काढली आहे आणि पाठही. असं उभं राहून दाखवा.

मी रॅकमागे जाऊन करून बघितलं. कमरेत उसण भरली.

"म्हणजे बाई खरीच सुपर आहे," काका म्हणाले.

जाताना ती मुलगी म्हणाली, "चूक त्याची, आणि काळं हिला फासताय."

माझ्या घरी मुलगी आहे, एवढंच डोक्यात होतं.

*

मनू चौथीत आहे. शाळा सुटली की रॅकखाली बसून वाचते. एकदा कव्हरवरच्या बाईच्या कमरेवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हिच्यात पोळी कुठे मावते गं?"

त्या रात्री तिनं दुसरी पोळी घेतली नाही. नंतरही नाही.

मी पेन जास्त दाबायला लागले, पार कागद फाटेपर्यंत. आणि दारातून निघताना तिला रोज तेच सांगायला लागले. फ्रॉक खाली ओढ. रस्त्यात दात काढून हसू नकोस. लोक बघतात.

*

शाळेच्या स्पोर्ट्समध्ये मनू पळण्यात पहिली आली. बाईंनी फोटो दिला. हाफ पँट, फीत तोडताना हात वर, आणि तोंडभर हसू. मी तो काकांना दाखवला. काका सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "सुपरहिरोइन ही. काउंटरवर लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा."

मी चिकटपट्टी शोधायला आत गेले. बाहेर आले तर मनू माझ्या स्टुलावर बसलेली, हातात माझं पेन. फोटोतले हात मनगटापर्यंत काळे, पाय घोट्यापर्यंत काळे. कुठे रेघ बाहेर गेली नव्हती.

"मने, हे काय केलंस?"

"बाहेर लावायचाय ना?" तिनं पेन तसंच उघडं धरलं होतं. "आई, हसतेय ते पण झाकू?"