शेगडीतली ओवाळणी

सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या गल्लीत प्रमिलाबाईने तोंड उघडलं की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. दिवसभर ओट्यावर बसून ती नव्या साड्यांचे लोंबते धागे कापायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच कात्रीने. "काय रे भो, मनी पायरीवर कसाले उना?" एवढंच म्हणायची, पण समोरचा पायरी पुसून पळायचा.

तिच्या तावडीतून सुटलेला एकच, धाकटा भाऊ लोटू. तो मांगरोळकडे लिग्नाइटच्या खाणीत कामाला होता. कोळशात डिंकासारखे पिवळे खडे सापडले की बहिणीला आणून द्यायचा, आणि बाई ते राळ समजून दर गुरुवारी धुपात टाकायची. अठ्ठ्याण्णवच्या भाऊबीजेला त्याने ताटात लिंबाएवढा गोळा ठेवला. आत एक मुंगी.

"बाई, हाई अंबर शे."

गल्ली फिसकन हसली. लोटूच्या थापा सगळ्यांना पाठ होत्या. बाईने मात्र गोळा उचलला, लोटूचं मनगट धरलं आणि थेट हिलालशेठच्या मण्यांच्या दुकानात. मागे अर्धी गल्ली.

हिलालशेठ खंभातला मणी घासायचं काम शिकून आलेला, त्या तोऱ्यात नाकातून बोलायचा. "जुओ प्रमिलाबाई, अंबर म्हणजे झाडाचा चीक, जमिनीत दगड झालेला. बाल्टिकचं मधासारखं, चार कोटी वरसांचं. बर्माचं लालसर, दहा कोटी. डोमिनिकनचं दीड-दोन कोटी, उन्हात निळं मारतं. आणि हे?" त्याने गोळ्याला नखाने टिचकी मारली. "हे डिंडोलीचं. परवाचं. प्लास्टिक!"

लोटूची मान खाली गेली.

बाईने गोळा पदरावर खसाखसा घासला. धाग्यांचे बारीक तुकडे त्याला चिकटले. "हाई देख!"

"अरे, पॉलिस्टरवर घासला तर सुरतेत कंगवा पण धागे ओढतो!"

"मंग सुई तपाडीसन लाव."

"खऱ्याला राळेचा वास येतो, बाई. याच्यात सुई का बिघडवू? तुमचा भाऊ खोटाडा, आख्खी डिंडोली जाणते."

बस. हिलालशेठची लाख वितळवायची शेगडी शेजारीच धगधगत होती. बाईने मुंगीसकट गोळा निखाऱ्यात टाकला.

आधी काळा धूर. मग वास आला, बाईच्या घरातून गुरुवारी येतो तोच. हिलालशेठचं नाक उघडं ते उघडंच राहिलं.

"चिमटा! अरे, चिमटा आपो कोणी! बाई, आत मुंगी होती, मुंगी! कोटी वरसांची!"

"व्हती." बाई शेगडीसमोर आडवी उभी. "आते सांग. मना भाऊ खोटा शे का?"

"नाही," हिलालशेठ पुटपुटला.

"जोरमा! गल्लीले ऐकू येवाले पायजे."

"नाही! खरा आहे! आता तरी सरका!"

ती सरकली तेव्हा शेगडीत एक काळी बुडबुडती टिकली उरली होती. बाईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, डोळे पुसले, धुराला एक शिवी हासडली आणि लोटूवर वळली.

"आनि तू! पुढला साल गुपचूप लुगडं आनजो."