मंजुषा मॅडम सीतादहीला

मंजुषा मॅडम दर शनिवारी यवतमाळहून एसटीने आमच्या गावी यायच्या. घरच्या गरिबीचा ताण आठवीतल्या पोरांनी कसा सोसायचा, हे शिकवायला त्यांना पाठवलं होतं. त्या 'बाळांनो' म्हणायच्या. आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो, त्यांचा 'ळ' मात्र इस्त्री केलेला; मी घरी त्याची नक्कल करायची.

त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, "बाळांनो, डोळे मिटा. पांढरं, मऊ, दूरवर पसरलेलं काहीतरी आठवा. त्यात स्वतःला सोडून द्या."

त्यांच्या मनात ढग होते. आम्ही डोळे मिटले आणि वावरात पोचलो.

"मॅडम," पिंटू म्हणाला, "दव हाय त्याच्यावर. ओला वेचला तं व्यापारी वजन कापते."

माझ्या शेजारी बसणाऱ्या खुशीचे हात मांडीवर वेचायला लागले होते. मग ती पोट धरून उठली, ती परत आलीच नाही. तिचं पोट रोज सकाळी दुखायचं. महागावच्या डॉक्टरला काही सापडलं नव्हतं. तिच्या आईचं, जमनाबाईचं, निदान तयार होतं: पोरीला शाळा सोसत नाही, घरीच ठेवायची.

पुढच्या शनिवारी मॅडम खुशीच्या वावरात निघाल्या. वाट दाखवायला मी. वाटभर त्या जमनाबाईशी बोलायची वाक्यं पुटपुटत होत्या.

त्या दिवशी सीतादही होतं. वेचणी सुरू करायच्या आधी कपाशीची पूजा करतात, दहीभात वाहतात. जमनाबाईनं मॅडमच्या हातावर प्रसाद ठेवला. मॅडमनी खाल्ला, छान म्हणाल्या.

"खाल्ला ना? आता एक ओळ वेचा लागन," जमनाबाई म्हणाली. "आमच्या वावरातली रीत हाय."

खुशीनं मॅडमच्या पंजाबी ड्रेसवर कापूस टाकायला ओटी बांधून दिली आणि शेजारची ओळ धरली.

"पोट कधीपासून दुखतं, बाळा?"

"बोंडाचं टोक रुतन, मॅडम. वरून धरा."

मॅडमचं बोट रुतलंच. मग त्या वरून धरून वेचत राहिल्या. अर्ध्या ओळीत खुशी आपणहून बोलली, झाडाकडे बघत. "शाळेत बसली का वाटते, माय एकटी वाकून राह्यली. इथं आली का वाटते, अभ्यास गेला. मंग दुखते."

यावर मॅडमकडे उत्तर होतं, त्यात लांब श्वास घ्यायचा असतो. ते त्यांनी दिलं नाही. "मलाही सुचत नाही गं," म्हणाल्या.

"तुमचं तं कामच हाय ते."

"हो ना."

खुशी हसली. ओळ संपल्यावर जमनाबाईनं मॅडमची ओटी चाचपली. "कापसात कचरा लय हाय."

"सकाळी तुमच्यासोबत वेचू दे तिला," मॅडम म्हणाल्या, "मग शाळेत पाठवा. उशिराचं मी हेडसरांशी बोलते."

"अन् पोट दुखलं तं?"

"दुखेल. कोणीतरी जवळ असलं की पुरे. मी असते शनिवारी."

"बाकीच्या दिवशी?"

"ही आहे ना."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

जमनाबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे? हे तं दिवसभर लोकायचे आवाज काढते."

"चालन मले," खुशी म्हणाली.

सोमवारी दुसऱ्या तासाला खुशी दारात उभी राहिली, केसात कापूस घेऊन. मी विचारलं, "पोट?"

"दुखून राह्यलं."

"मंग?"

"मंग काय. सरक तिकडं."