उसनं भात

नवं भात झोडून झालं की लाडकीकाकी सूप घेऊन आमच्या दारात उभी राहायची. "मास्तर, मूठभर उसनं द्या. कणसरीला दाखवायचं हाय." नवं धान्य कणसरी देवीपुढे ठेवल्याशिवाय आमच्या पाड्यात कुणी त्याचा घास खात नाही. काकी आमचं भात देवीपुढे ठेवायची आणि वर तिची समजूत काढायची, "रागावू नको गं बाय. पुढल्या साली माझ्या शेताचं आणीन."

शेत होतं तिचं, दाभोशाच्या धबधब्याच्या वाटेवर, पाणी धरून ठेवणारं. त्याच्या वरच्या अंगाला हिवतापाच्या फवारणीची पावडर साठवायची सरकारी शेड होती. छप्पर उडालं, पोती फुटली आणि प्रत्येक पावसाळ्यात ती पावडर शेतात उतरत राहिली. तिथे टिपायला गेलेल्या काकीच्या कोंबड्या मेल्या, तेव्हापासून तिने नांगर घातला नाही. पेर आणि बाजारात वीक, असा सल्ला देणारे पुष्कळ होते. काकी भडकायची, "देवीला ठेवता येत नाय, तां दुसऱ्याच्या पोराला चारू?"

जव्हारपासून ठाण्यापर्यंत कचेऱ्यांचे उंबरठे तिने झिजवले. साहेब "बघू" म्हणाला की ही तिथेच फतकल मारायची. "बघा. तुमचा बघून होतवर मी हितंच हाय." अखेर दूषित जमिनी साफ करण्याची योजना आली. यंत्राने वरची माती खरवडून नेली, नवी लाल माती पसरली. काकीने पाड्याला गूळ वाटला.

योजनेचं पुढचं कलम नंतर कळलं. साफ झालेल्या जमिनीचा 'विकास' करायचा होता. शेत काकीच्या आजेसासऱ्यापासून कसलेलं, पण कागदावर सरकारचंच. पेरणीच्या तोंडावर शेताभोवती कुंपण उभं राहिलं आणि धबधबा बघायला येणाऱ्यांसाठी आत विश्रामगृह उठलं. उद्घाटनाला पुढाऱ्याने 'विषमुक्त भूमी'वर भाषण ठोकलं आणि काकीला शाल दिली. तिच्या चिकाटीबद्दल! त्या शालीचा मला आजही संताप येतो. तिने ती बाहेर पडताना कुंपणावर टाकली.

"घाण होती तवर माझी होती," ती मला म्हणाली. "कोणी इचारलं नाय. साफ झाली न् धनी आला."

त्यानंतर काकी फार जगली नाही. ती गेल्यावर, पहिल्याच नव्या भाताला तिची सून दारात आली. हातात तेच सूप. मी टोपलीभर भात ओतायला गेलो, तर तिने सूप मागे घेतलं.

"मूठभरच द्या, दादा. न् उसनं नाय म्हणत मी. आता परत करू कुठनं?"