शिवणीतली माया

हौसेला मोल नाही, हे ज्यानं कुणी पहिल्यांदा म्हटलं त्यानं ही सहल नक्की पाहिली असणार. अठरा पाहुणे, आठ दिवस, समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं हॉटेल. सकाळी ऊन खात न्याहारी, दुपारी एका विद्वान गृहस्थांचं ऑपेरावर व्याख्यान, त्यात निम्म्यांच्या डुलक्या, आणि संध्याकाळी पहिल्या रांगेत बसून खरा ऑपेरा. शेवटच्या दिवशी सगळ्यात मोठी गंमत. पाहुण्यांनी नाट्यगृहाच्या कपडेपटातले खरेखुरे पोशाख अंगावर चढवायचे आणि रंगमंचावर मांडलेल्या टेबलांवर जेवायचं. राजे, राण्या, सरदार, दासी असे सगळे पोशाख हजर असत. दासीचा मात्र आजवर कुणी मागितला नव्हता.

हे पोशाख पाहुण्यांच्या अंगाला बसते करायचं काम टाचणीबाईंचं. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण एकतीस वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं. तोंडात सदा पाच-सहा टाचण्या, त्यामुळे बोलणं म्हणजे ‘हूं’ आणि ‘उंहूं’. गायिका त्यांच्यापुढे उभ्या राहून पोटातलं सगळं बाहेर काढायच्या, कुणाचं कुणाशी जमलंय, कुणाचा घसा बसलाय, आणि बाई गुडघ्यांवर बसून घेर टाचत राहायच्या. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला धड खोटंही बोलावं लागत नाही. या सोयीचा त्यांनी फार फायदा घेतला होता. नको तिथेही घेतला होता.

कपडेपट तिसऱ्या मजल्यावर. ज्या उन्हासाठी लोक लांबून विमानानं यायचे, ते ऊन या खोलीत वैरी. मखमल उन्हानं विटते, म्हणून खिडक्यांना जाड पडदे, भर दुपारी दिवे, वाफेच्या इस्त्रीचा दमट वास आणि लोखंडी दांड्यांवर गर्दीनं लटकलेली राजघराणी.

अशाच एका सहलीच्या शेवटच्या दिवशी बाराच्या सुमाराला सहलीची मॅनेजर आली. पोरगी चलाख, हातात फोन आणि जिभेवर घाई.

“मावशी, त्या दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांना एकही पोशाख होत नाहीये. मग मी पोशाखांची जुनी पत्रकं चाळली. हा सापडला. हिरवी मखमल, राणीचा, मूळ माप चांगलं मोठं आहे. मागच्या दांडीवर ‘दुरुस्तीत’ अशी चिठ्ठी लावून लटकतोय. सहा वर्षं कसली हो दुरुस्ती चाललीय?”

तिच्या हातातला झगा बघून बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“त्याला माया नाही,” त्या म्हणाल्या.

शिवणकाम करणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अंगापेक्षा जास्तीचं कापड असलं तर ते कापून टाकायचं नाही, शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं. तीच माया. आज बारीक बाई आली, उद्या जाड येईल. माया सोडली की तोच झगा तिलाही होतो. या झग्यात तर माया भरपूर होती. तो मुळात एका धिप्पाड गायिकेसाठी शिवलेला. मग तो बाईंच्या लेकीच्या वाट्याला आला.

लेक नऊ वर्षं कोरसात होती. कोरसात गाणं म्हणजे चाळीस जणांच्या आवाजात आपला एक आवाज घालायचा आणि घरी यायचं. दहाव्या वर्षी तिला मोठी भूमिका मिळाली. नावाड्याची मुलगी राणी होते आणि शेवटच्या अंकात हिरवा झगा घालून नदीचा निरोप घेते. अकरा प्रयोग ठरले होते. पहिलं माप बाईंनीच घेतलं, सगळ्यांसमोर, मिरवत.

तिसऱ्या प्रयोगाला झगा दोन बोटं सैल झाला.

“आई, झगा सैल झालाय का गं?” लेकीनं आरशातून विचारलं.

“उंहूं,” बाई टाचण्यांमधून म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी खोलीत कुणी नसताना त्यांनी दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतल्या. वाटलं, ताणानं उतरली असेल, जेवण जात नसेल. सातव्या प्रयोगाआधी पुन्हा घ्याव्या लागल्या. कुणी पाहिलं असतं तर भूमिका गेली असती. दुसरी गायिका गळा साफ करून तयारच होती. हंगाम संपू दे, मग डॉक्टरकडे नेऊ, असं बाईंनी मनाशी ठरवलं. आणि हात असा कसलेला की झगा आवळलाय हे दिग्दर्शकाला कळलं नाही आणि सख्ख्या बापालाही कळलं नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. फसवणारी इथे आईच होती.

मग आठव्या प्रयोगाला झगा बसला. नवव्याला, दहाव्याला, अकराव्यालाही अंगासरशी बसला. हूक लावताना बाईंच्या जिवात जीव आला. पोरीची तब्येत सावरतेय, आपण उगाच घाबरलो.

हंगाम संपल्यावर नऊ दिवसांनी लेक घराच्या जिन्यात बसली ती तिला उठवेना. पोटातलं दुखणं होतं आणि फार पसरलं होतं. दोन महिने आधी आणली असती तर, असं डॉक्टर म्हणाले. दीड महिन्यात ती गेली.

बाईंचा नवरा त्याच नाट्यगृहात नेपथ्याचा सुतार होता. लेक गेल्यावर त्यानं नोकरी सोडली आणि बोलणंही जवळपास सोडलं. त्यानं एकदाच विचारलं, “रोज तुझ्या हाताखालून जात होती ती. तुला कसं कळलं नाही?”

“शेवटचे चार प्रयोग झगा नीट बसत होता,” बाई म्हणाल्या.

ते खोटं नव्हतं. दोनदा आवळल्याचं मात्र त्यांनी गिळलं. या चार प्रयोगांवरच बाई सहा वर्षं जगत आल्या होत्या. दुखणं मध्येच थांबलं होतं, त्यानं कुणालाही चकवलं असतं, असं त्या रोज स्वतःला सांगायच्या. झगा त्यांचा साक्षीदार होता. त्याच्या शिवणी जोवर तशाच होत्या तोवर लेकीचं शेवटचं माप शाबूत होतं आणि आईची बाजूही.

“माया नाही कशी? पत्रकात लिहिलंय की,” मॅनेजर म्हणाली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. “अगं राहू दे गं. मला दासी कर. फडकं बांधते कमरेला आणि फिरते. घरी तरी दुसरं काय करते?” डॉक्टरीणबाई स्वतःच वर आल्या होत्या. साठीच्या, ऐसपैस, उन्हानं नाक सोललेलं. “माझ्या अंगात दोन राण्या मावतील. एका झग्यानं काय व्हायचंय!”

त्या खडूस असत्या तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. बाई झगा पुन्हा मागच्या दांडीकडे न्यायला निघाल्या. पण मॅनेजरनं ऑफिसला फोन लावला आणि तिकडून उत्तर आलं की दुरुस्ती होत नसेल तर झगा मोडीत काढा, दांडीवर जागा तरी होईल. इकडे आड तिकडे विहीर. मोडीत जाण्यापेक्षा अंगावर गेलेला बरा.

“पाच वाजता या,” बाई म्हणाल्या.

दार लावून त्यांनी झगा उलटा केला आणि टोकदार कात्रीनं डाव्या बाजूचं अस्तर उसवलं. आत त्यांची सातव्या प्रयोगाआधीची, हिरव्या रेशमी दोऱ्याची शिवण होती. एकसारखी, बारीक, ओळखीची. पण ती शिवण काहीच धरून ठेवत नव्हती. ती स्वतःच मायेत गेली होती. तिच्या बोटभर पुढे, अंगाच्या बाजूला, आणखी एक ओळ होती, काळ्या सुती दोऱ्याची. एक टाका लांब, एक आखूड, सगळे उलट्या अंगाला कललेले. आणि तिच्याही पुढे आणखी एक, तशीच.

बाईंची लेक डावखुरी होती. सुईचा तिला मनस्वी कंटाळा. साधं बटण लावायचं तरी “आई गं, तेवढं दे ना करून,” म्हणत मागे फिरायची.

बाईंनी उजवी बाजू उसवली. तिकडेही तेच.

झगा बसत नव्हताच. पोरीनं तो बसवला होता. गाण्याआधी एकटी असताना, दार लावून, न येणाऱ्या हातानं. आईच्या बोटांना सैल लागू नये म्हणून. आईनं आवळलंय हे तिला दिसलं असणारच, कारण अस्तर उघडलं की आईची शिवण समोरच होती. तरी ती काही बोलली नाही. आई लपवतेय तर लपवू दे, आपणही लपवू. मायलेकी एकमेकींपासून एकच गोष्ट चोरत होत्या, तीही एकाच झग्यात. दोघींपैकी एकीनं जरी टाका चुकवला असता तरी दुसरीला तोंड उघडावं लागलं असतं.

बाई रडल्या. डाग पडू नये म्हणून मखमल बाजूला सारून रडल्या, इतकी ती सवय हाडात मुरलेली. सहा वर्षं धरलेला आधार गेला, याचं रडू होतंच. पण त्याहून जास्त, पोर एकटी घाबरली असेल आणि आपण शेजारच्या खोलीत इस्त्री करत होतो, याचं होतं.

मग त्यांनी काम केलं, कारण पाच वाजता माणूस येणार होतं. आपल्या शिवणी त्यांनी कात्रीनं सरासरा तोडल्या. काळे टाके बोटांनी ओढून काढले. दोरा कुजलेला, तुकड्यातुकड्यानं हातात आला. ठेवून घ्यावा असा एकही धागा निघाला नाही. मखमलीला उलटीकडून वाफ दिली, मऊ ब्रश फिरवला, नव्या मापावर टीप मारली.

डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. झगा अंगात गेला. बाई मागून हूक लावत होत्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बगलेखालच्या दोन गडद पट्ट्यांवर हात फिरवला.

“इथे रंग वेगळा का हो?”

“ते आत दुमडलेलं होतं. उजेड लागला नव्हता.”

“कुणाचा होता झगा?”

हा प्रश्न पाहुणे नेहमीच विचारत आणि ‘एका गायिकेचा’ हे उत्तर तयार असे.

“माझ्या लेकीचा,” बाई म्हणाल्या. “ती बारीक होत गेली आणि मी झगा आवळत गेले. कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. ती गेली.”

डॉक्टरीणबाई आरशासमोर तशाच उभ्या राहिल्या. खालून मॅनेजर फोटोसाठी हाका मारत होती. त्यांनी हळूच विचारलं, “तिला ठाऊक नव्हतं?”

“आज दुपारपर्यंत मला वाटायचं, नव्हतं.”

डॉक्टरीणबाईंनी मागे हात नेऊन बाईंचं मनगट धरलं. बाईंनी ते धरू दिलं, मग सोडवून घेतलं, कारण वरचे दोन हूक राहिले होते. ते लावून त्या समोर आल्या.

“कुठे सैल वाटतंय का?”

“नाही हो. छान बसलाय.”

बाईंनी दोन्ही बाजूंनी बोटं घालून पाहिली, आणि पुन्हा एकदा पाहिली.

“खरं सांगा,” त्या म्हणाल्या.